ट्रॅकवर समोर स्क्रीन चालत नाही

मित्रांनो, आज सकाळी धाकट्या भावाची सायकल घेऊन ट्रॅकच्या शर्यतीत उतरलो. तो गेल्यापासून पहिल्यांदाच.

हँडलवर त्याचाच, वेग दाखवणारा सायकल कॉम्प्युटर होता. सुरू केला की त्याचं नाव दिसतं, म्हणून काढला नव्हता.

पंचांनी थांबवलं. "भाऊ, स्क्रीन दिसून राहिली ना तुम्हाले. ट्रॅकवर नाही चालत. सीटखाली लावा."

"मी वेग पाहणार नाही, साहेब."

"मंग समोर काहून ठेवता?"

मी तो सीटखाली लावला आणि शेवटून दुसरा आलो.

घरी आता मी एकटाच असतो. मोबाइल पाहिला, तर त्या कॉम्प्युटरवरून आजची राइड सायकलिंगच्या अ‍ॅपवर आपोआप त्याच्या नावाने गेली होती. खाली त्याच्या एका ऑनलाइन मित्राने लिहिलंय, "कुठं होता गा इतके दिवस?"

त्याला काय उत्तर देऊ?