महाराजांचा वाडा, मुक्काम बंगळूर

आमच्या घरात वडिलांना अण्णा म्हणत, आणि बंगलोरमध्ये रिक्षावाल्यापासून पेरूवाल्यापर्यंत सगळेच अण्णा. त्यामुळे वडील मला भेटायला आले त्या सकाळी स्टेशनबाहेर मी "अण्णा, जयनगर?" असं ओरडले, तेव्हा दोन माणसांनी वळून पाहिलं. रिक्षावाला मीटर पाडायला लागला. वडील मात्र पिशवी हातात धरून जागीच उभे.

"त्यालाही अण्णा?"

"इथं सगळ्यांनाच म्हणतात."

"पुरावा?" म्हणत त्यांनी तळहात पुढे केला.

ही त्यांची सवय. साताऱ्याकडच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला. वर्गात कुणी काहीही ठोकून दिलं की त्यांचा तळहात पुढे यायचा. मी दात घासले म्हटलं तरी यायचा. मी वैतागायचे.

ते बंगलोरला आले ते मला भेटायला, असं आई म्हणायची. मला माहीत होतं, ते वाडा बघायला आले होते. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. समोरचं तेवढं धूसर दिसे, कडेचं काहीच नाही. आणखी वर्षभर, असं डॉक्टर म्हणाले होते. ते ऐकून घरी आल्यावर त्यांनी मला पत्र टाकलं. 'महाराज लहानपणी काही काळ बंगळुरात वडिलांजवळ राहिले, हे मी तीस वर्षं शिकवलं. जागा मात्र पाहिली नाही. वाडा कुठे होता, काही शिल्लक आहे का, चौकशी करून ठेव.'

मी उलट टपाली कळवलं, 'चौकशी केली आहे. या.'

चौकशी कसली डोंबलाची! मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत नवी लागलेली. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, रविवारी कपडे धुणं. दोन वर्षांत मी शहरात पाहिलं होतं ते एक लालबाग आणि डोशाची तीन हॉटेलं. म्हटलं, राजधानीचं शहर आहे, एवढ्या मोठ्या माणसांचा वाडा, कुणीही दाखवेल.

रविवारी निघालो. आधी विधानसौध. त्याचे खांब बघून अण्णा म्हणाले, "भव्य आहे. पण काल-परवाचं." मग सिटी मार्केटजवळचा किल्ला. किल्ला म्हणजे डोंगर, तट, चढताना लागलेली धाप, एवढंच आम्हाला माहीत. इथे सपाट रस्त्याच्या कडेला एक दगडी दरवाजा, थोडी भिंत, आणि समोर बसगाड्यांचा धूर. मला धक्काच बसला. "बाकीचा कुठाय?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, "एवढाच उरलाय."  रिक्षात बसल्यावर पुढे वाकून त्यांनीच हिंदीत सांगितलं, "महाराज का वाडा."

रिक्षावाला गोंधळला. "वाडा?"

"महल, महल," मी म्हटलं.

"ओ, महाराजा अरमने! सरी, सरी."

अरमने म्हणजे राजवाडा, इतपत कन्नड मला येत होतं. मी हुश्श केलं. बघा, म्हटलं, इथल्या रिक्षावाल्यालाही माहीत आहे. अण्णांनी तर त्याच्या पाठीवर थाप मारली. "स्वल्प दूर," तो म्हणाला, आणि ते स्वल्प अर्धा तास चाललं.

रिक्षा थांबली ती एका बंद फाटकापाशी. आत मोठी झाडं, झाडांमागे मनोरे, मनोऱ्यांना वर दाते, टोकदार कमानींच्या खिडक्या आणि भिंतींवर वेली. थेट विलायती थाट.  मी खाली वाकून रिक्षावाल्याला हळूच विचारलं, "कौन से महाराज?"

"मैसूर महाराजा, मेडम. और कौन?"

और कौन! त्याचं तरी काय चुकलं? आमच्याकडेही महाराज एकच, नाव कुणी विचारत नाही. त्याच्याकडेही एकच. फक्त दोघांचा एक वेगवेगळा.

मी वळले, तोवर अण्णांनी चपला काढल्या होत्या. तापलेल्या रस्त्यावर अनवाणी, चाचपडत ते फाटकापर्यंत गेले, गुडघे टेकले आणि खालच्या दगडावर कपाळ ठेवलं. पहारेकरी बघत राहिला. माझे वडील देवळातसुद्धा लांबून हात जोडणारे. त्यांना असं जमिनीवर मी कधी पाहिलं नव्हतं.  ते उठले तेव्हा त्यांच्या कपाळाला माती होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बुरूज दिसतायत मला," ते म्हणाले. "पुसट आहेत, पण दिसतायत. हाच ना गं?"

मी म्हटलं, "हो, अण्णा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस पकडायच्या घाईत असताना त्यांनी माझ्या हातात एक पोस्टकार्ड दिलं, टाक म्हणाले. शाळेच्या हेडमास्तरांना होतं. बसमध्ये वाचलं. डोळ्यांमुळे अक्षरं बोटभर मोठी, ओळी घसरलेल्या. 'महाराजांचा वाडा प्रत्यक्ष पाहिला. बुरूज शाबूत आहेत. मुलांना वर्गात सांगावे.'

मुलांना वर्गात सांगावे! दिवसभर ते कार्ड पर्समध्ये आणि मी कम्प्युटरसमोर ठोंब्यासारखी. मला माझीच लाज वाटत होती. टाकलं असतं तर कुणाला कळलं असतं? संध्याकाळी ते तसंच परत आणलं आणि चहा ठेवता ठेवता सगळं सांगून टाकलं. चौकशी न केल्याचंसुद्धा.

ते ओरडतील असं वाटलं होतं. पुरावा मागतील असंही वाटलं होतं. दोन्ही झालं नाही.

"तुला फाटकापाशीच कळलं होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून."

 ते अगदी शांतपणे म्हणाले, "वर्षभरानं मला काहीच दिसणार नाही. तेव्हा मी तुलाच विचारणार, काय दिसतंय म्हणून. तू मला काय काय दाखवणार आहेस गं?"

असं काही कुणी मला तोवर बोललं नव्हतं. मी हादरले. चहा उतू गेला, तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही.

मंगळवारी रजा टाकली. त्यांनी आल्याबरोबर माझ्या हाती दिलेल्या वहीत नोंद होतीच, 'जुन्या पेठेत, किल्ल्यापासून जवळ'. ती वही मी उघडलीही नव्हती. रविवारी ज्या किल्ल्यापासून रिक्षा केली, त्याच्या अलीकडे-पलीकडेच सगळी पेठ. चिकपेटेतून त्यांचा हात धरून हिंडले. भेटेल त्याला विचारलं. कुणी माना हलवल्या, कुणी रेशमी साड्या दाखवल्या. शेवटी एका कापडवाल्याने आमचं मराठी ऐकून हाक मारली. बेळगावकडचा म्हातारा, गळ्यात टेप.

"काय शोधालाय ओ, सर?"

अण्णांनी सांगितलं.

"होता म्हणत्यात की ओ. कुठं ते कुणालाच ठावं न्हाई. चाळीस वर्सं हाय मी हितं. एक दगूड दावणार न्हाई कोण तुमाला."

त्याने स्टूल दिलं, पण अण्णा बसले नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. हातगाडीवाले ओरडत होते, एक सायकल त्यांना घासून गेली.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

मी पाहायला लागले. "साड्यांची दुकानं. कन्नड पाट्या. विजेच्या तारा, त्यावर अडकलेला पतंग. ताग्यांची हातगाडी. उघडं गटार. एक गाय."

"जुनं काही? जोतं, कमान, एखादा चिरा?"

मी पुढे गेले, दोन बोळ आतपर्यंत बघून आले. खोटं बोलायचा मोह झाला नाही असं नाही. एका भिंतीत एक मोठा घडीव दगड होता, तो चालून गेला असता.

"एका भिंतीत एक दगड आहे. पण कधीचा, सांगता येत नाही. बाकी काही नाही, अण्णा. काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. नमस्कार केला नाही, चपला काढल्या नाहीत. कापडवाल्याच्या गल्ल्यावर वाकून त्यांनी खिशातून नवं पोस्टकार्ड काढलं, मोठमोठ्या अक्षरांत बराच वेळ लिहिलं आणि माझ्याकडे दिलं. या वेळी म्हणाले, "वाच आणि मग टाक."

'महाराजांच्या वाड्याची बंगळुरात आज कोणतीही खूण नाही. मुलांना तसेच सांगावे.'

खाली सही होती. सहीखाली, ओळ घसरून पार कोपऱ्यात गेलेली, आणखी तीन शब्द होते.

'पुरावा : माझी मुलगी.'