काकूंचा रिफ्रेश

आधी मॅक्रो म्हणजे काय ते सांगते, नाहीतर मी हातातली मेथी टाकून का धावले ते कळायचं नाही. मी करंजाड्यात घरून काम करते, बिल्डरांची मराठी माहितीपत्रकं तपासते. माझ्या टेक्स्ट एडिटरला मी शिकवून ठेवलं होतं: एफ-फाइव्ह दाबलं की फाइल सेव्ह कर, शुद्धलेखनाच्या बाहेरच्या प्रोग्रॅमला दे, तो जे दुरुस्त करेल ते जुन्याच्या जागी ठेव, फाइल परत उघड. एका बटणात सगळं, हाच मॅक्रो! भेटेल त्याला दाखवत सुटले होते मी.

शेजारच्या काकूंचं माहेर विचुंब्याचं. आईकडून ऐकून लग्नातली गाणी त्या माझ्या लॅपटॉपवर टाइप करायच्या. आजी, म्हणजे काकूंची आई, म्हणायच्या तश्शी, आमी, नाय, हाय, सगळ्यासकट. मग आजींना झटका आला, वाचा गेली. काकूंना गाणी पाठ नव्हती. होती ती त्या एका फाइलमध्ये.

त्या दुपारी काकू फाइल बघत होत्या, मी बाजूला मेथी निवडत होते.

"बाय, तुजा लॅपटॉप हलू चालतो गं. रिफ्रेश केला मी, चार-पाच येला."

काकू पूर्वी पतपेढीत कॉम्प्युटरवर कामाला होत्या. तिथे मशीन अडकलं की एफ-फाइव्ह, आणि नाही अडकलं तरी एफ-फाइव्ह. मेथी टाकून धावले.

स्क्रीनवर होतं: "हळद लागली, नवरी माजी नाही रे रडायची."

अनडू दाबलं. काहीच नाही, फाइल परत उघडली की एडिटर आधीचं सगळं विसरतो. एडिटर मागची एक प्रत ठेवतो, ती उघडली. तीही शुद्ध. काकू पहिल्या रिफ्रेशला थांबल्या असत्या तर आजींची प्रत वाचली असती, दुसऱ्याला तीही गेली.

"तोंड का उतरला तुजा?"

"काकू, गाणी शुद्ध झाली."

"मंग बरा झाला ना?" म्हणत त्यांनी चष्मा लावला. "माजी नवरी? म्हंजे पयली सोडली का काय?" त्या हसल्या. 'माजी' शब्द प्रोग्रॅमला बरोबर वाटला होता, म्हणून तेवढाच आजींचा राहिला. मग हसू थांबलं. "बाय, ही आय नाय बोलत."

मी घाईघाईत उलटा मॅक्रो लिहायला घेतला, सगळं नाही परत नाय. काकूंनी माझा हात धरला. मुंबईच्या व्याह्यांना चिडवायच्या गाण्यात आजी मुद्दाम नाक वर करून "नाही हो, आम्ही नाही" म्हणायच्या. ते कुठे कुठे होतं, दोघींनाही आठवेना.

आता रोज संध्याकाळी मी काकूंच्या घरी आजींच्या पलंगाशी बसून एकेक ओळ वाचते. चुकीचा शब्द आला की त्यांचा डावा हात गादीवर आपटतो, मग काकू वेगवेगळे शब्द म्हणून बघतात, हात थांबेपर्यंत. एफ-फाइव्हवरून मॅक्रो काढलाय, प्रत्येक ओळीनंतर प्रत काढते.

काल मी तीन ओळी वाचल्या आणि हात हललाच नाही. काकू म्हणाल्या, "बराबर आसल." मी आजींकडे बघितलं. डोळे मिटलेले होते. त्या ओळी बरोबर होत्या, की आजी दमल्या होत्या?

मी परत पहिल्यापासून वाचायला लागले, जरा मोठ्याने.