नानांच्या नावाचा फोटो

हे आजवर मी कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, दुकानात रोज चहाला बसणाऱ्या मित्रांपाशीही नाही. सांगायला बसलो की फोटोतल्या उजेडाबद्दल बोलत सुटतो. आत्ताही तसंच होणार बहुधा.

धुळ्यात माझं फोटोचं दुकान होतं. हिवाळ्यात मात्र मी दुकानात टिकत नसे. खेड्यापाड्यांतल्या जुन्या गढ्या, विहिरी, धाब्याची घरं यांचे फोटो काढायचं मला वेड. थंडीत हवेत धूळ नसते, ऊन तिरपं पडतं, पडक्या भिंतीचा एकेक चिरा वेगळा दिसतो — पाहा, आलोच उजेडावर!

महायुद्धाचे दिवस होते, ज्यांवर फोटो उमटतो त्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या; एका काचेवर एकच फोटो. पारोळ्याकडच्या एका गावी गढी पाहायला गेलो, तेव्हा माझ्या पेटीत एकच काच उरली होती. तिथे नाना भेटले. सत्तरीचे शेतकरी, मूलबाळ नाही, घरी ते आणि त्यांची बायको, अक्का. दिवसभर त्यांनी कोयत्याने काटेरी झुडपं तोडून मला गढीत वाट करून दिली. संध्याकाळी लाजत म्हणाले, "भाऊ, मन्हा बी एक फोटू काढा ना. घरमा ठेवसू."

नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण ती काच मला गढीच्या बुरुजासाठी हवी होती, आणि नानांचं मनही मोडायचं नव्हतं. मग मी — आमच्या धंद्यात एक लबाडी आहे. काचेपुढे सरकपट्टी असते. ती ओढली नाही तर काचेवर काहीच उमटत नाही. समोरच्याला काय कळतं? मी काळ्या फडक्याखाली शिरलो, "हलू नका" म्हणालो, भिंगावरचं झाकण काढलं, पाचपर्यंत आकडे मोजले. नाना श्वास धरून उभे. थंडीने हनुवटी थरथरत होती, ती त्यांनी दात आवळून थांबवली. मग त्याच काचेवर मी बुरुज घेतला. फार सुंदर आला तो.

त्याच थंडीत नाना गेले. आणि अक्का कापसाच्या गाडीवर बसून धुळ्याला आल्या — फोटो मागायला.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी म्हणालो, आठ दिवसांनी या. दुसऱ्या गावच्या एका विहिरीचा फोटो माझ्याकडे होता. काठावर एक म्हातारा बसलेला — तसंच पागोटं, तशीच घोंगडी, चेहऱ्यावर सावली. तेवढाच भाग मोठा करून दिला. अक्कांनी तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला. "नाक असं नव्हतं त्यास्नं," त्या म्हणाल्या. आणि मी — "अक्का, फोटोत नाक असंच दिसतं."

हे नाना नव्हेत, असं गावात दोघंतिघं कुजबुजले म्हणे. पण शहरच्या फोटोवाल्याशी कोण वाद घालणार?

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्याच्या नावाने घागर भरतात आणि घराबाहेरच्या एखाद्याला पितर म्हणून जेवू घालतात. अक्कांनी मला बोलावलं. नानांना मीच घरात ठेवलं, असं त्यांचं म्हणणं. भिंतीवर हार घातलेला परका म्हातारा, पाटावर नानांच्या नावाने मी. दर वर्षी ठरवायचो, यंदा जायचं नाही. दर वर्षी अक्कांचा निरोप यायचा आणि मी निमूट जायचो. काय कारण सांगणार होतो?

चौथ्या आखाजीला अक्का वाढता वाढता थांबल्या. फोटोकडे पाहत म्हणाल्या, "भाऊ, आते डोया मिटा का हाईच तोंड दिसस. पयलं तोंड येसच नही." मग स्वतःशीच हसल्या. "मीच इसरी गऊ. फोटू काय खोटं बोलस?"

उभा जन्म ज्यांच्याबरोबर काढला, त्या नानांचा चेहरा मी अक्कांच्या मनातून पुसून टाकला होता. हे मला त्याच क्षणी कळलं, नंतर नाही. तोंड उघडायला तेव्हाही वेळ होता. मी ते उघडलं, आणखी थोडा आंब्याचा रस मागितला, आणि पानातली पोळी संपवली.