सामानापाशी कोण थांबणार

अमेरिकेतले पार्किंग लॉट या विषयावर मला कोणी बोलायला बोलावलं, तर मी काही तयारी न करता तासभर बोलू शकेन. कुठल्या पार्कात बाकांवर सावली असते, कुठलं टॉयलेट स्वच्छ असतं, कुठे खारी थेट पिशवीत शिरतात, सगळं मला ठाऊक आहे. धबधबे आणि शिखरं मात्र मी फारशी पाहिलेली नाहीत. त्यांचे फोटो पाहिलेत.

आपली मराठी मंडळी दोन-चार गाड्या भरून कुठेही निघाली की सोबत अख्खं स्वयंपाकघर निघतं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, कूलरमध्ये दहीभात, चहाचा मोठा थर्मास. शिवाय आमच्या बे एरियात गाडीची काच फोडून सामान पळवतात, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असते. त्यामुळे चढायला सुरुवात करण्याआधी कोणीतरी विचारतंच, "सामानापाशी कोण थांबणार?" आणि विचारून होईपर्यंत सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या असतात.

पहिल्यांदा थांबले तेव्हा मला दिवस गेले होते. मग लेक कडेवर होती. मग सासूबाई भारतातून राहायला आल्या, त्यांना चढवत नव्हतं. मग माझाच गुडघा गेला आणि त्याचं ऑपरेशन झालं. प्रत्येक वेळचं कारण अगदी खरं होतं, हीच तर पंचाईत. एकेक कारण संपत गेलं तरी माझं थांबणं काही संपलं नाही.

गेल्या वसंतात आमच्या ग्रुपवर बिग सर या समुद्रकाठच्या डोंगराळ भागातल्या एका शिखराचा फोटो आला. चुनखडीचं पांढरंफेक टोक आणि त्याच्या खाली सरळ समुद्र. ग्रुप चालवणाऱ्या मैत्रिणीने खाली लिहिलं होतं, 'शनिवारी कोण कोण?' मी सगळ्यात आधी हात वर केलेलं चित्र टाकलं. वर्षभर फिजिओथेरपी झाली होती, आमच्या क्युपर्टिनो गावामागच्या टेकडीवर मी रोज चढत-उतरत होते, आणि मला ते टोक गाठायचं होतं. बाकी काही नाही. एकदा, त्या टोकावर, माझ्या पायांनी. नवे बूट आणले. नवऱ्याने ते बघून "सेलमध्ये होते का?" एवढंच विचारलं.

जाताना गाडीत मी स्पष्ट सांगितलं, "मी पण वर येणार आहे."

"हो हो, बघू ना तिथे गेल्यावर," नवरा म्हणाला.

लेक मागच्या सीटवर होती. ती नोकरीच्या गावाहून सुट्टीला आली होती. तिच्या कानात इअरफोन होते.

हायवे सोडून कच्च्या रस्त्याने आम्ही पायवाटेच्या तोंडाशी पोचलो. गाड्या लागल्या, बुटांच्या नाड्या आवळल्या गेल्या, आणि तीनही गाड्यांच्या किल्ल्या नेहमीप्रमाणे माझ्या हातात आल्या. मैत्रिणीने आपलं जाकीट माझ्या खांद्यावर टाकलं. प्रश्न विचारायचीही गरज कोणाला वाटली नाही. मी तोंड उघडणार तोवर मंडळी पहिल्या वळणावर पोचली होती. तिथून नवऱ्याने मागे वळून ओरडून सांगितलं, "बोअर झालीस तर ताटं मांडून ठेव गं, आल्या आल्या बसू!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. थांबायला सांगितलं असतं तर मी कदाचित भांडले असते आणि थांबलेही असते. पण ताटं मांडून ठेव! मी सगळ्या पर्सेस, डबे, नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप आणि मैत्रिणीचं जाकीट मोठ्या गाडीत कोंबलं, वरून सतरंजी टाकली आणि गाडी लॉक केली. काच फुटली तर फुटू दे म्हटलं. पाण्याची बाटली आणि हायकिंगच्या काठ्या घेतल्या आणि निघाले.

वाट अरुंद होती. एका बाजूला झुडपं, दुसऱ्या बाजूला उतार, आणि उताराच्या तळाशी समुद्र. मी हळू चालत होते. प्रत्येक पावलाला गुडघ्याशी माझं बोलणं चालू होतं, कारण त्याने आज दगा दिला असता तर विषय कायमचा मिटला असता. 'सांगत होतो ना' हे वाक्य मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं. पाय मुरगळण्याची भीती होतीच, पण त्या वाक्याची जास्त होती.

दमून एका खडकाला टेकले होते तेव्हा वरून आवाज आले. मंडळी खाली येत होती. सगळ्यात पुढे नवरा. मला बघून त्याचा पहिला शब्द होता, "सामान?"

"गाडीत आहे. लॉक केलंय."

"अगं, काच फोडली म्हणजे? माझा लॅपटॉप आहे यार त्यात!"

मागून मैत्रीण आली. "अगं बाई, इथवर आलीस? मानलं बुवा तुला! त्या गुडघ्याने इथवर म्हणजे खूपच झालं. चल आता, भुकेने जीव चाललाय सगळ्यांचा."

लेकीने मला मिठी मारली. "मॉम, आय ॲम सो प्राउड ऑफ यू. बट डोन्ट पुश इट, ओके? लेट्स गो डाउन."

इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि त्या कौतुकाचा मला इतका राग आला की कान गरम झाले. आपण स्वतः टोकावर जाऊन आलेली माणसं मला सांगत होती की इथवर म्हणजे खूप झालं.

"टोक किती राहिलं?" मी विचारलं.

"इथून वर जायला आम्हाला अर्धा तास लागला. तुला जास्त लागेल," नवरा म्हणाला.

"लागू दे."

त्याने हात पुढे केला. "बरं, निदान किल्ल्या तरी दे."

देऊन टाकणं सोपं होतं. पण दिल्या असत्या तर डबे उघडले असते, हसत-खिदळत जेवणं झाली असती आणि मी खाली पोचेपर्यंत माझ्यासाठी एका ताटात चार पुऱ्या झाकून ठेवल्या असत्या. म्हणजे पुन्हा मी एका बाजूला आणि सगळे दुसऱ्या बाजूला. मला एकदा, फक्त एकदा, माझ्यासाठी सगळ्यांनी थांबायला हवं होतं. हे मला तिथे, त्या वाटेवर उभं असताना कळलं.

"किल्ल्या वर जाणार आहेत," मी म्हटलं. "जेवायला मी आल्यावर बसू. तोवर गाड्यांपाशी थांबा."

मैत्रीण हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने हसू आवरलं. लेक म्हणाली, "मॉम, आर यू सिरियस?" मी 'आहेच' म्हटलं, आणि त्यांच्या बाजूने पुढे गेले.

शेवटचा टप्पा वाईट होता. चुनखडीचे दगड जवळून बघितले तर करवतीसारखे धारदार होते आणि वाट त्यांच्यामधून वर घुसत होती. दोन ठिकाणी मी चक्क हात टेकून, बसत बसत गेले. तळवे खरचटले. मध्येच रडू आलं. भीतीने नाही, रागाने. इतकी वर्षं मी किती निमूटपणे सतरंज्या सांभाळल्या त्याच्या रागाने. पण गुडघा बिचारा धरून होता.

मग पुढे चढच उरला नाही. जंगलातल्या वणव्यांवर नजर ठेवायला बांधलेली एक जुनी, बंद खोली होती आणि चारी बाजूंना नुसतं आकाश. खाली किनाऱ्याचे तुटलेले कडे, त्यांच्यावर आपटणारा फेस, आणि पुढे पाणीच पाणी. सुंदर होतं, पण ते मला नंतर सुचलं. आधी मी मोठ्याने म्हणाले, "आले." ऐकायला कोणी नव्हतं. मी आणखी एकदा म्हणाले.

ऊन भाजत होतं. त्या खोलीच्या भिंतीला सावलीची एक अरुंद पट्टी होती, तिथे मी पाठ टेकून बसले. बराच वेळ बसले. खाली सगळे उपाशी बसले आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मला अजिबात वाईट वाटत नव्हतं.

दगड घसरल्याचा आवाज आला. नवरा होता. दुसऱ्यांदा तोच चढ चढून आल्याने लालबुंद झालेला.

"अगं, सगळे खोळंबलेत खाली," तो धापा टाकत म्हणाला.

"खोळंबू देत."

"तुला काही झालं असतं म्हणजे?"

त्याच्या आवाजात काळजी होती, ती मला कळली. खरीच होती. पण ह्याच काळजीने मला वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये बसवून ठेवलं होतं.

"चल आता," तो म्हणाला.

"मला अजून बसायचंय."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

त्याने इकडेतिकडे बघितलं. सगळीकडे ऊन. शर्टाच्या बाहीने त्याने कपाळ पुसलं आणि माझ्याजवळच्या सावलीकडे बघत म्हणाला, "जरा सरकतेस का?"

"नाही," मी म्हटलं, आणि पाय लांब पसरले.