हात राहतो की रुसतो

मला माझ्या विद्यार्थिनीचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कबूल केलं की लोक त्यात उगाच खोल अर्थ शोधतात.

नागपुरातल्या एका मोठ्या इस्पितळात मी न्यूरॉलॉजी शिकवतो. म्हणजे एम.डी. होऊन आलेल्या, तिशीला टेकलेल्या डॉक्टरांना तीन वर्षं खाटेखाटेवरून फिरवतो आणि मेंदू, मणका, नसा यांची भांडणं कशी ओळखायची ते सांगतो. माझा लौकिक असा, की रुग्ण दारातून खाटेपर्यंत चालत येईतो मी निदान सांगून मोकळा होतो. निम्म्या वेळा ते बरोबर निघतं. उरलेल्या निम्म्यांची आठवण कोणी ठेवत नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मग ती आली. पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, पहिल्या वर्षाची रेसिडेंट. मी गुडघ्यावर हातोडी मारून होईपर्यंत तिला रुग्णाच्या सुनेचं माहेर कळलेलं असायचं. पंधरा दिवसांत माझ्या समोर, माझ्याच वॉर्डात, एक म्हातारा बायकोला म्हणाला, "यायले सांगून काही फायदा नाही वं. त्या मॅडमले येऊ दे." बरे होऊन जाणारे तिला कोथिंबिरीची सांबारवडी आणून द्यायचे, मला नमस्कार. रुग्णांनी आणलेलं खाऊ नये, यावर मी तिला दहा मिनिटं ऐकवलं. ती निमूट डबा टेबलावर ठेवून गेली. त्यातल्या तीन वड्या मी खाल्ल्या. चौथी खाताना सिस्टरनं पाहिलं.

राउंडवर मी तिला कोपऱ्यातले, कोणाच्या बापाला आठवणार नाहीत असे आजार विचारू लागलो. ती म्हणायची, "माहीत नाही सर, वाचून सांगते." आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायची, तेही माझ्यापेक्षा जास्त. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

शेवटी मी ठरवलं, आपणही बोली बोलायची. मी जन्मानं पक्का नागपूरचाच. पण शिकायला बाहेर गेलो आणि 'मले'चं 'मला' करून परत आलो. सकाळी गाडीत सिग्नलला थांबलो की सराव करायचो. बाजूचा स्कूटरवाला टक लावून बघायचा. पहिला प्रयोग एका आजींवर केला. खाटेशी वाकून, प्रेमानं म्हणालो, "काय होऊन राहिलं वं?"

आजी ताडकन उठून बसल्या. "'वं' कोणाले म्हणून राहिला गा? तुह्या बायकोले म्हण!"

त्यांचा अर्धांगवायू निदान जिभेवर तरी नव्हता, हे सगळ्या वॉर्डाला कळलं. ती मागे उभी होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात उमरेडचा एक विणकर दाखल झाला. पन्नाशी उलटलेला. अजून हातमागावर बसणारे जे थोडे उरलेत, त्यांतला. उजवा हात धरून म्हणाला, "साहेब, हात रुसते. कामावर बसलो का रुसते."

मी मानेचा फोटो उजेडात धरला. मानेचे मणके घासलेले दिसत होते. "मानेत नस दबलीय. काम केलं की हात थकतो," मी जाहीर केलं आणि मेंदू-मणक्याचा सर्जन असलेल्या माझ्या जुन्या वर्गमित्राला तिथूनच फोन लावला. त्यानं ऑपरेशनला परवाची सकाळ दिली. विणकरानं मानेवरून हात फिरवला आणि विचारलं, "मान कापल्यावर मागावर बसता येईन ना, साहेब? मले दुसरं काही येत नाही."

"येईल, येईल," मी म्हणालो आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

"सर," मागून ती म्हणाली, "हाताची ताकद पूर्ण आहे. रिफ्लेक्सही ठीक आहेत. आणि ते 'हात राहते' म्हणत नाहीत, 'रुसते' म्हणताहेत. आमच्याकडे राहते म्हणजे थकते. रुसते म्हणजे ऐकत नाही."

तिचं म्हणणं मला तिथेच पटलं होतं. पटलं म्हणूनच राग आला. म्हणालो, "मॅडम, ही न्यूरॉलॉजी आहे, व्याकरणाचा तास नाही." बाकीचे रेसिडेंट हसले. त्या हसण्यावर मी दुपारच्या जेवणापर्यंत खूश होतो.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर विणकराच्या खाटेभोवती ही गर्दी. तिनं सलाइनच्या स्टँडला मागाच्या दोरीसारखी बँडेजची पट्टी बांधली होती. तिचं मोकळं टोक विणकराच्या हातात दिलं होतं आणि ती म्हणत होती, "बाबा, घरी कसं करता तसंच करून दाखवा बरं." तो पट्टी ओढत होता आणि हात अगदी शहाण्यासारखा वागत होता. ती घामाघूम. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! फजिती पाहायला मिळावी म्हणून पुढे सरकलो.

पाहिलं, तर पट्टी कमरेच्या उंचीवर बांधलेली.

आता माझ्या वडिलांचं आयुष्य मागावर गेलं. आमच्या घरात माणसं सरकून बसायची, माग सरकत नसे. ही गोष्ट मी इस्पितळात कधी कोणाला सांगितली नव्हती. पण चुकीचा बांधलेला माग बघून हात गप्प बसेनात. तोंडातून निघून गेलं, "अवो, दोरी इतकी खाली नसते! सूत घेऊन पळते त्या धोट्याची दोरी वरून येते. अन् डावा हात रिकामा काहून ठेवला? त्याले फणी ठोकायले पाह्यजे."

एवढा सराव करून जे जमलं नव्हतं, ते असं फुकट बाहेर पडलं. विणकर माझ्याकडे बघतच राहिला. मी पट्टी वर बांधली, त्याच्या डाव्या हाताखाली फणीच्या जागी खाटेवर बसवायच्या टेबलाची फळी दिली, आणि म्हणालो, "हं. ओढा."

एक झटका, एक ठोका. झटका, ठोका. सातव्या-आठव्या खेपेला उजवं मनगट आपोआप आत वळलं, बोटं एकेक करून मिटली आणि पट्टी सुटली. "हा पहा!" विणकर ओरडला, चोर पकडल्यासारखा. "हा पहा रुसला!"

मेंदू एकच हुकूम आयुष्यभर देऊन देऊन कधी कधी तोच चुकवायला लागतो. जेवताना, दाढी करताना हात ठीक असतो. त्या एका कामालाच वाकडा होतो. यावर स्नायूत इंजेक्शन देतात. मान कापून हे जात नाही. वर्षाला दोनदा मी हे शिकवतो, चित्रं दाखवून.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा खाकरून म्हणालो, "मला हीच शंका होती."

"पण साहेब," विणकर अगदी भाबडेपणानं म्हणाला, "काल तं तुमी मान म्हणून राहिले होते."

मी तिथून निघालो तो थेट माझ्या खोलीत. ऑपरेशन थांबवायला फोन मलाच करावा लागणार होता.

"रद्द?" सर्जन म्हणाला. "अरे, काल तर छातीठोक सांगत होतास. कोणी पकडलं?"

'पुन्हा तपासलं तेव्हा लक्षात आलं' हे वाक्य तयार होतं. त्यात खोटंही काही नव्हतं, फक्त कर्ता गाळलेला होता. दोरी मीच वर बांधली होती ना? पण त्या माणसाला मागावर बसवायचं कोणाच्या डोक्यात आलं? विणकराचा मुलगा मी. आलं शेतकऱ्याच्या मुलीच्या.

"माझ्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटनं, रोग्याचं बोलणं ऐकून," मी म्हणालो. दात काढून घेताना होतो तसा आवाज झाला असावा.

"वा! रोग्याला जागं ठेवून करतो त्या माझ्या मेंदूच्या ऑपरेशनांना त्याच्याशी बोलणारं असंच कोणीतरी हवंय. सहा महिने दे की तिला. तिचं भलं होईल."

"नाही," मी म्हणालो.

"तिला विचार तरी."

"इथे फार काम आहे," असं म्हणून मी फोन ठेवला. वर पाहिलं तर ती दारात उभी. हातात विणकराचा केस पेपर.

"सर्जन काय म्हणाले, सर?"

"ऑपरेशन रद्द. त्याला सांग, मान शाबूत राहील. इंजेक्शन तूच देशील, मी हात धरतो."

तिचा चेहरा फुलला, जवळजवळ पळतच ती वॉर्डाकडे गेली. फोनवरचं उरलेलं बोलणं मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.