कापसाचे डोळे

उंदरांवर संशोधन करणाऱ्या रेखाताईंनी मला दाखवायला संग्रहालयातला एक खण उघडला. आत कापूस भरून वाळवलेला उंदीर होता. डोळ्यांच्या जागीही कापूसच. कोकणातल्या एका सड्यावर, उघड्या कातळपठारावर, सापडलेला हा जीव इतकी वर्षं साधा शेतातला उंदीर म्हणून पडून होता. आता त्याच्या कातडीतली जनुकं तपासल्यावर कळलं, ही जातच निराळी. तो सडा मात्र चिऱ्यांच्या खाणीत कधीच गेला.

"खूप शोधलं. एकही उरला नाही," ताई म्हणाल्या. "नाव मात्र ठेवायचंय."

माझ्या आईला काय आवडायचं, हे ती गेल्यावर आम्हांलाही तिचं कपाट आवरतानाच कळलं होतं.

बारशाला आत्या वाकते, तशा ताई त्या वाळक्या कानाशी वाकल्या. "कुर्रर्र," म्हणाल्या, आणि पुढचं नाव त्यांच्याच्याने घेववेना.