अण्णांचा एसजीपीटी

कतारगामच्या एका छोट्या लॅबमध्ये मी बारा वर्षं रक्त तपासते आहे. कावीळ होऊन माझे वडील, अण्णा, हॉस्पिटलात पडले, तेव्हा त्यांचा एसजीपीटी मीच करणार म्हणून हट्ट धरला. एवढा माझा तोरा.

एसजीपीटी हे यकृतातलं एन्झाइम. यकृताच्या पेशी फुटल्या की ते रक्तात उतरतं. ते थेट मोजता येत नाही, मिनिटाला किती काम करतं ते बघायचं. नवागामात उभा जन्म कापडाच्या लूमवर काढलेल्या अण्णांना मी म्हटलं, "किती मीटर कापड निघालं त्यावरून कारागीर कळतो ना, तसं." त्यांना ते भारी आवडलं. मग रोज दोनच प्रश्न, "आज कितलं उनं, माय?" आणि "धाकला कव्हय यी?"

आकडा किती आला आणि धाकला कधी येणार. धाकला म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो गावी, धुळ्याकडे शेती बघतो.

चाळीसच्या आत हवा तो आकडा पहिल्या दिवशी अडीच हजारांच्या घरात होता. मग बाराशे. पाचव्या दिवशी एकशे नव्वद. मशीनपुढेच मला आनंदानं रडू फुटलं. आकडा उतरला म्हणून लगेच निघायला टेकलेल्या भावाला फोन लावला, "आते धावपय करू नको, कांदा काढी ले. आकडा उतरना." त्या दिवशी अण्णा सारखे झोपत होते. मला वाटलं, आराम पडतोय.

संध्याकाळी डॉक्टरांनी बाहेर बोलावलं. हॉस्पिटलातल्या तपासण्यांत कावीळ वाढली होती, रक्त गोठायला फार वेळ लागत होता. आकडा का उतरला, ते त्यांना सांगावं लागलं नाही. फुटायला पेशीच उरल्या नव्हत्या. एकट्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला मीच शिकवते. स्वतःच्या बापाच्या वेळी मात्र माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे.

भाऊ पोचला तेव्हा अण्णांना शुद्ध नव्हती. ती परत आलीच नाही. भावाच्या नखांत अजून शेतातली माती होती. त्यानं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दहाव्याला घाटावरून परतताना त्यानं विचारलं, "अण्णानी मनं नाव काढं व्हतं का?"

मी भ्याले. "नही," म्हटलं.